मुरापाचा पुढचा ब्रेक

“ब्रेक दाबा! अहो, ब्रेक!”

मी वरच्या अंगणातून घसा फोडून ओरडत होते आणि आमचा म्हातारा मोटारसायकलवरून उतार उतरत होता. उतरत कसला, सुटला होता. अंग मागे टाकलेलं, पाय ताठ, हँडल दोन्ही हातांनी छातीशी ओढलेलं, आणि तोंडानं एकच घोष, “द्र्र्र! द्र्र्र!” आमच्याकडे घोड्याला थांब म्हणायचं तर असंच म्हणतात.

घोडा असता तर थांबलाही असता. ही सोवियत काळातली लोखंडी बया, बाजूला साइडकार जोडलेली. तिला कुणी लगाम ओढला काय आणि न ओढला काय!

उताराच्या तळाशी बैशेन अक्साकालांच्या घरी नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ चालला होता. पांढरं लोकरी जाजम अंथरून गावचे सगळे पांढऱ्या टोपीवाले म्हातारे मांडी घालून चहा पीत बसले होते. त्यांनी वर पाहिलं, आणि बाई गं, गुडघेदुखीनं उठता येत नाही म्हणणारी ती माणसं अशी काही उडाली की मी जन्मात पाहिलं नव्हतं. मोटारसायकल जाजमावर चढली, चहाचा समोवार लवंडला, आणि पुढचं चाक बोरसोकच्या, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, परातीत जाऊन थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बैशेन अक्साकालांची टोपी तेवढी जर्दाळूच्या मुरंब्यात पडली.

त्यांनी ती उचलली, झटकली, आणि अगदी शांतपणे म्हणाले, “ओमुरझाक, आधी सलाम तरी करायचास.”

सगळे हसले. आमचा म्हाताराही हसला. मला तेव्हाच कळलं की हे हसण्यावारी जाणार नाही.

आमच्या गावात लहानसहान तंटे अक्साकालांच्या, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांच्या, पंचायतीपुढे जातात. कुणाच्या वासरानं कुणाचा लसूणघास खाल्ला, कुणी कुणाच्या भिंतीला गवत टेकवलं, असलं काहीबाही. या वेळी गंमत अशी होती की न्याय करणारे आणि फिर्याद करणारे एकच होते. शाळेच्या रिकाम्या वर्गात पंचायत बसली. लहान मुलांच्या बाकांत ते म्हातारे अंग चोरून बसलेले, आणि फळ्यासमोर आमचा हा, टोपी हातात घेऊन, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा. मी दारात उभी. बायकांनी आत बोलायचं नसतं, पण दारातून बोललं तर चालतं.

“पाटाचं पाणी फिरवणाऱ्या मुरापाला पाय हवेत,” बैशेन म्हणाले. “तुझे गुडघे गेले. घोडा म्हातारा होऊन मेला. राहिली ही मोटारसायकल, ती थांबत नाही.”

“थांबते,” म्हातारा म्हणाला.

“कुठे?”

“कुठेतरी थांबतेच की.”

वर्गात खसखस पिकली. मी दारातून म्हटलं, “अक्साकाल, तीस वर्षं ह्यांनी पाणी पोचवलंय. तुमचा राजमा काय पावसावर पिकला?”

“बुरुल, ते कुणी नाकारतंय का?” बैशेन म्हणाले. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं. “उद्या ही गाडी शाळेच्या पोरांत शिरली तर? मग मी काय तोंड दाखवू?”

मी दारातून पाऊल मागे घेतलं.

निवाडा असा झाला. पाटात पाणी सोडायच्या दिवशी, त्याच उतारावरून, साइडकारमध्ये वाळूची पोती भरून, ओमुरझाकनं खाली यायचं. तळाशी तेच जाजम अंथरायचं. जाजमाच्या अलीकडे गाडी थांबली तर मुरापकी त्याची. नाही तर बैशेनांचा पुतण्या तुरात हे काम बघेल. तुरातकडे जीप आहे. मुलगा कष्टाळू, दारू पीत नाही, मोठ्यांना मान देतो. नावं ठेवायला म्हणून जागा नाही मेल्याला!

मुराप म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी लावणारा माणूस. डोंगरातल्या बांधापासून खालच्या शेवटच्या शेतापर्यंत जितकी दारं तितकी त्यानं उघडायची, मिटायची. ज्याला पाणी मिळालं तो आभार मानत नाही आणि ज्याला मिळालं नाही तो बापजाद्यांचा उद्धार करतो. असलं काम. पण आमच्या म्हाताऱ्याला त्यात काय सुख लाभतं ते मी इतकी वर्षं बघत आले. पहाटे चिखलाचे बूट चढवून निघतो तेव्हा गुडघे कुरकुरतात, आणि संध्याकाळी परत येतो तो शीळ घालत.

दुकानाच्या भिंतीशी एक बाक आहे. कामं सुटलेले पुरुष तिथे बसतात. सकाळी ऊन इकडच्या बाजूला, दुपारी तिकडच्या, तसतसे सरकतात. माझा थोरला दीर मेंढ्या सोडून त्या बाकावर बसला आणि दुसऱ्या हिवाळ्यात गेला. आजार म्हणाल तर काही नव्हता. मला माझा नवरा त्या बाकावर नको होता. बस्स, एवढंच.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, “अहो, तो हँडलवरचा ब्रेक तुम्ही दाबत का नाही?”

“कुठला?”

“उजव्या हाताचा. ज्याला तुम्ही नानची पिशवी अडकवता तो.”

“तो पुढच्या चाकाचा आहे,” म्हातारा मला समजावत म्हणाला, जशी मी काल जन्मले. “घोड्याला कधी पुढचे पाय धरून थांबवतात का? पुढचे पाय धरले की घोडा तोंडावर आणि स्वार त्याच्याही पुढे. मी नाही असला वेडेपणा करत.”

कप्पाळ माझं! गुराख्याचा मुलगा, चालायच्या आधी घोड्यावर बसलेला. सामुदायिक शेती मोडली तेव्हा लोकांनी वाट्याला मेंढ्या मागून घेतल्या आणि ह्यानं ही मोटारसायकल. मेंढ्या व्याल्या तरी असत्या. आणि तीस वर्षं हा तिला मागच्या पायांवर आणि शिव्यांवर थांबवत होता.

मी सकाळीच माझ्या धाकट्या भावाला फोन केला. जानीशचं बाजारगावात गॅरेज आहे, जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये. तो आला तोच हसत. बहिणीच्या नवऱ्याची, जेझ्देची, थट्टा करायचा हक्क आमच्याकडे मेहुण्याला जन्मतःच मिळतो आणि जानीशनं तो कधी वाया घालवला नाही.

“जेझ्दे, बोरसोक आवडतात हे ठाऊक होतं, पण चाकाला खायला घालता?”

“ये, ये. आधी चहा घे, मग भुंक,” म्हातारा म्हणाला.

जानीशनं पुढचं चाक काढलं, ड्रमचं झाकण उघडलं आणि आतून गढूळ पाणी भळकन बाहेर आलं. मागोमाग गाळ. त्या गाळात एक गोगलगाय, जिवंत.

“एजे, इकडे ये, इकडे ये!” त्यानं मला, थोरल्या बहिणीला, हाक मारली. “हे बघ, ह्यांनी ब्रेकमध्ये जनावरं पाळलीत.”

मग त्यानं नीट दाखवलं. मुरापाची गाडी दिवसभर पाट ओलांडते. पाणी ड्रममध्ये शिरतं आणि पाट आटले तरी आतच बसतं, लायनर भिजतात, भिजले की घसरतात. म्हाताऱ्यानं दांडी दाबली असती तरी फार काही झालं नसतं. “म्हणजे मी बरोबरच होतो,” म्हातारा लगेच म्हणाला.

“बरोबर कसले! तुमचा ब्रेक मेलेला आणि तुम्हाला तीस वर्षं पत्ता नाही,” जानीश म्हणाला. “ह्याला डिस्क लावू. उघडी चकती असते, पाणी फेकून देते. दांडी दाबली की तेल ढकलतं आणि दोन गुटके चकतीला दोन्हीकडून धरतात. बाजारात एक चिनी मोटारसायकल आलीय, ठोकलेली. तिचं पुढचं सगळं सामान चांगलं आहे.”

“माझ्या घोडीला चिनी पाय लावतोस?”

“चार पावलं अलीकडे तरी थांबेल, जेझ्दे.”

चाकाचा तुंबा लेथवर घासून घ्यावा लागला, चकती बसवायला. गुटक्यांचा डबा धरायला फोर्कवर पत्र्याची जाड पट्टी हवी होती. पहिली वाकडी झाली, दुसरी आखूड, तिसरी बसली. जानीश बाजारगावातून येऊन जाऊन काम करत होता. म्हातारा अंगणात फिरकायचा नाही. पाटाच्या दारांना ग्रीस लावायला जातो म्हणून सांगायचा आणि कोपऱ्यावरून बघत उभा राहायचा. मी ते पाहायची आणि न पाहिल्यासारखं करायची.

शेवटी एअर काढायचं काम राहिलं. नळीतल्या तेलात हवा असली तर ब्रेक लागत नाही म्हणे. एकानं वर दांडी दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली नट सैल करून हवा सोडायची. म्हातारा फिरकत नव्हता, म्हणून मी गेले.

“एजे, दाब. पुन्हा. पुन्हा. आता धर. सोडू नकोस हां!”

खाली बाटलीत बुडबुडे आले. मी पुन्हा दाबलं, पुन्हा धरलं. आधी दांडी पोकळ लागत होती, नुसतीच हँडलला येऊन टेकायची. मग हळूहळू तिच्यात जीव आला. सुरुवातीला मऊ, पुढे घट्ट. मला वाटलं, अगं बाई, हे तर मला येतं! रोज सकाळ-संध्याकाळ मी दुसरं काय करते? गाईचं आचळ असंच लागतं हाताला.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं गाडी बाहेर काढली. शेजारची कालिपा भिंतीवरून मान काढून बघतेच आहे. तो गल्लीतून जोरात आला, जानीश ओरडला “आता!”, आणि म्हाताऱ्याचं अंग मागे गेलं, हँडल छातीशी आलं, “द्र्र्र!” आणि गाडी पाटात. त्याच्याच पाटात, ज्याची दारं तो तीस वर्षं उघडत होता.

जानीशनं त्याला हात देऊन बाहेर ओढलं. “मी चाकाला ब्रेक लावला,” तो मला म्हणाला, “जेझ्देला कुठे लावू, एजे?”

म्हातारा हसला नाही. धुळीनं माखलेले बूट काढून ओट्यावर बसला आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. “हातच ऐकत नाही गं,” म्हणाला. “डोकं म्हणतं दाब, हात म्हणतो ओढ.”

मी म्हटलं, “उद्या पहाटे गोठ्यात या.”

“कशाला?”

“काशकाची धार काढायला.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला माझा झगा घालून बाजारात जायला सांगितलं. आमच्याकडे गडी माणूस घोडीवर बसेल, मेंढी कापेल, लोकर कातरेल. पण गाईखाली बादली घेऊन बसणं त्याच्या सात पिढ्यांत झालं नाही. कुणी पाहिलं तर त्या घराला नाव पडतं.

“बायबिचे, अगं म्हातारे, मी मुराप आहे,” तो म्हणाला.

“अजून आहात. म्हणूनच म्हणते. दार लावून घेईन, कडी घालीन.”

आला. अंधारात, डोक्यावर टोपी खाली ओढून, चोरी करायला आल्यासारखा. मी त्याला तिवईवर बसवलं. पहिल्याच झटक्याला त्यानं आचळ असं हिसकलं की काशकानं बादलीला लाथ घातली आणि बादलीनं ह्याला.

“ओढू नका! लगाम आहे का तो? आवळा. बोटांनी आवळा. हळू धरा, मग घट्ट करत न्या.”

“असं?”

“हां. आता सोडा. आता पुन्हा.”

पहिल्या दिवशी बादलीचा तळही झाकला नाही. पण तो दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. मग रोजच. आणि काय सांगू, काही दिवसांनी बादलीत धारेचा तो सुरेख आवाज यायला लागला, चूर्र चूर्र, एका लयीत, आणि हा गाईच्या पोटाला कपाळ टेकून शीळ घालायला लागला. त्या बयेलाही हा आवडला. माझ्या हाताखाली शेपटी मारणारी काशका ह्याच्यापुढे डोळे मिटून उभी! मला थोडा रागच आला, खोटं कशाला सांगू.

दिवसा तो जानीशबरोबर मागच्या रस्त्यावर सराव करायचा. साइडकारमध्ये वाळूची पोती. आणखी एक भानगड होती. ब्रेक दाबला की वजनाची साइडकार पुढे धावते आणि गाडी डावीकडे तोंड फिरवते. तेव्हा हँडल किंचित उजवीकडे धरावं लागतं. हे मात्र म्हाताऱ्याला लगेच जमलं. “अडेल घोडी आहे,” म्हणाला, “अशा मी खूप वळवल्यात.” गाडी हळू असली की बोटं दांडीवर जायची आणि ती सुंदर थांबायची. पण वेग वाढला, छाती धडधडली, की मधूनच ते जुनं अंग मागे जायचं आणि घशातून द्र्र्र निघायचं. कधी हे, कधी ते. जानीश म्हणाला, “एजे, मला काही भरवसा देता येत नाही. गाडीचा देतो.”

पाणी सोडायचा दिवस उजाडला. असा दिवस वर्षातून एकदाच. पाटाच्या तोंडाशी मेंढी कापलेली, उताराखाली मोठ्या कढया चढलेल्या, बायका बोरसोक तळताहेत, पोरं कोरड्या पाटात धावताहेत, आणि गावातलं एकूण एक माणूस तिथे. बैशेन अक्साकालांनी स्वतःच्या हातानं ते पांढरं जाजम अंथरलं आणि सगळ्या म्हाताऱ्यांना बरंच लांब नेऊन बसवलं.

“आणखी थोडं मागे,” एक जण म्हणाला, आणि सगळे आणखी थोडं मागे सरकले.

म्हातारा वर गेला. उताराच्या टोकावर मोटारसायकल उभी राहिली, तिची चकती उन्हात लखलखत होती. जानीश त्याच्याशी काहीतरी बोलला आणि बाजूला झाला. मी कढईपाशी होते. हातातला झारा मी शेजारच्या एकीच्या हातात दिला.

आणि तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “काय मुराप, धार काढून आलास का?”

कालिपा! गोठ्याच्या फटीतून बघून गावभर केलं असणार भवानीनं. एक हसला, मग दहा हसले, मग सगळा उतार हसायला लागला. कुणीतरी गाईसारखं हंबरलं. “बादली बांध साइडकारला!” “गाईला विचारून आलास ना?” पुरुष मांड्यांवर थापा मारत होते आणि बायका तोंडाला डोईच्या रुमालाचं टोक लावून हसत होत्या.

मी वर बघितलं. म्हाताऱ्यानं हँडलवरचे हात काढले होते. मग त्यानं इंजिन बंद केलं. तो गाडीवरून उतरला आणि पाठ करून उभा राहिला.

“असू दे,” बैशेन म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “जा रे कुणीतरी, त्याला पायी खाली घेऊन या. जेवायला बसू.”

तुरात चुळबुळत उभा होता, नजर खाली. आणि मला तो बाक दिसला. ऊन इकडे, ऊन तिकडे.

लोक पुढे म्हणाले बुरुल शूर. शूर कसली! मला राग आला होता. हसणाऱ्यांचा, कालिपाचा, पाठ फिरवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा. मी कढईपासून निघाले, सरळ जाजमापाशी गेले, बूट काढले आणि जाजमाच्या पुढच्या काठावर, उताराकडे तोंड करून, मांडी घालून बसले.

हसणं एकदम थांबलं.

“बुरुल, ऊठ,” बैशेन म्हणाले. “वेड लागलंय का तुला?”

“का? त्या दिवशी तुम्ही बसला होतात, आज मी बसते. जाजम बसायलाच असतं ना, अक्साकाल?”

“अगं, तो थांबला नाही तर?”

“तर तुम्ही माझ्या मयताच्या जेवणाला या,” मी म्हटलं, आणि मग हात तोंडाशी धरून वर ओरडले, “अहो! किती वेळ उभे राहणार? चहा निवतोय!”

तो वळला. त्यानं मला पाहिलं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण त्याची टोपी हलली नाही बराच वेळ. जानीश धावत त्याच्याकडे गेला, हात हलवत, बहुतेक नको म्हणत होता. म्हाताऱ्यानं त्याला बाजूला सारलं आणि किक मारली.

मी मनात म्हटलं, लोकरीच्या तुकड्यासाठी ह्याचा हात विसरेल. माझ्यासाठी विसरणार नाही. आणि लगेच मनात आलं, विसरला तर? खरं सांगते, तेव्हा मला फार भीती वाटली. पण उठावंसं वाटलं नाही.

गाडी निघाली. वाळूच्या पोत्यांनी ती पहिल्यापासूनच धावत सुटली. धूळ उठली. कुणी बाई किंचाळली. उताराच्या मधोमध ते वळण आहे, जिथे पूर्वी त्याचं अंग मागे जायला सुरुवात व्हायची. मी डोळे मिटले नाहीत. मला बघायचं होतं.

अंग मागे गेलं नाही. तो पुढे वाकला, दोन्ही कोपर दुमडून, कपाळ खाली. तोंडातून द्र्र्र निघालं नाही, काहीच निघालं नाही. पुढचं चाक जमिनीत रुतल्यासारखं दबलं, गाडीनं डावीकडे मान टाकली, त्यानं ती उजवीकडे धरली, पुन्हा टाकली, पुन्हा धरली. खडे उडून माझ्या झग्यावर आले. चाक मोठं मोठं होत आलं, इतकं की त्याच्या रबरावरची प्रत्येक खाच दिसायला लागली. मग सगळं थांबलं.

चाक जाजमाच्या अलीकडे होतं. तापलेल्या चकतीची धग माझ्या गुडघ्याला लागत होती. मी बोट पुढे केलं असतं तर भाजलं असतं.

उतारावर असा काही जल्लोष झाला की विचारू नका! जानीश टोपी उडवत, पडत, उठत खाली येत होता. तुरातनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली, देव त्याचं भलं करो. बैशेन अक्साकाल उठून उभे राहिले, दाढीवरून दोन्ही तळवे फिरवले आणि मोठ्यानं म्हणाले, “मुराप, आज पाणी तूच सोड!” लोक धावत आले, कुणी म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी पोती मोजायला लागलं. ती कालिपासुद्धा बोरसोकची परात घेऊन पुढे आली.

“उतर की रे,” लोक म्हणत होते. “उतर, ओमुरझाक. चल पाटावर.”

तो उतरत नव्हता. नुसता बसला होता, समोर बघत, म्हणजे माझ्याकडे बघत. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी उठले, जाजमावरून अनवाणीच त्याच्यापाशी गेले. त्याचा उजवा हात अजून दांडीवर होता. पेरं पांढरी, मनगटाच्या शिरा वर आलेल्या.

“झालं,” मी म्हटलं. “सोडा आता.”

“उघडत नाहीत गं,” तो पुटपुटला. “बोटं उघडत नाहीत.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लोकांसमोर ह्यानं माझ्या हाताला कधी हात लावला नव्हता, आणि मीही त्याच्या लावला नव्हता. तसं कुणी करत नाही आमच्यात. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता. आधी तर्जनी उघडली, मग तिच्या शेजारची, मग पुढची. गाव सभोवती उभं होतं आणि कुणी हसत नव्हतं. करंगळी सगळ्यांत शेवटी सुटली.